माफक घासावे

डिस्क गोल्फची नवी डिस्क, म्हणजे फेकायची प्लॅस्टिकची चकती, हातात आली की मी आधी तिचा रंग बघत नाही, वजनही बघत नाही. डोळे मिटतो आणि कडेवरून अंगठा गोल फिरवतो. आज दुपारीही तेच केलं. पाव फेरी झाली नाही तोच अंगठा अडला. कडेच्या खालच्या अंगाला केसाएवढी धार. घर निवांत झोपलेलं आणि मी पॉलिश पेपर शोधत खणामागून खण उपसतोय.

साचा दोन भागांचा असतो. वितळलेलं प्लॅस्टिक दाबाने आत शिरतं, दोन भागांच्या फटीतून जरासं बाहेर डोकावतं आणि तिथेच थिजतं. साच्यावर काम करणारे त्याला फ्लॅश म्हणतात. मी खुसपट म्हणतो. खुसपटं काढण्यात माझा हात कोणी धरणार नाही, यावर घरात एकमत आहे.

डिस्क गोल्फ खेळणारा माझा एक मित्र मला हसतो. "अरे, चार वेळा झाडावर आपट, झाडंच घासून देतील." त्याचं खरं आहे. माझ्या फेकीला तर झाडं आपणहून पुढे येतात. पण तोवर बोटांचं काय? जोरात फेकायचं म्हणजे चारही बोटं कडेच्या आत घट्ट वळवायची, आणि सुटताना डिस्क तर्जनीच्या पेरावरूनच निसटणार. तिथे खुसपट असलं की पहिल्या दहा फेकींत कातडी सोलते. त्याहून वाईट म्हणजे अकराव्या फेकीला हात आपोआप सैल पडतो. डिस्क भलतीकडे जाते आणि आपण वाऱ्याला बोल लावतो.

घासायचीही एक रीत आहे. साधं प्लॅस्टिक बिचारं नखानेसुद्धा ऐकतं. ते पारदर्शक, भारीतलं प्लॅस्टिक मात्र चिवट. कोरडा कागद लावला की झडायच्या ऐवजी त्यावर लव उठते, आणि आधी होतं तेच बरं होतं असं वाटायला लागतं. अशा वेळी पातं उभं धरून हलकेच खरवडायचं, मग बारीक कागद पाण्यात बुडवून दोन हात मारायचे. पाणी न घेता घासलं तर खाली वर्तमानपत्र हवं. भुकटी पडते.

बाबा असेच वर्तमानपत्र पसरून बसायचे. घरात नवी बादली आली की आधी त्यांच्याकडे. बादलीच्या मुठीला बरोबर मधोमध, बोटं येतात तिथेच, ती साच्याची शीर असते. भरलेली बादली उचलली की तळव्यावर लाल रेघ उमटते. बाबा कानस घेऊन ती शीर उतरवत. कंगवा आणला तर त्याचा एकेक दात. मी समोर उकिडवा बसून मोजायचो, आणि चाळिसाच्या आसपास कुठेतरी आकडा चुकायचा. एका दातावरून कानस फिरली की फुंकर, मग पुढचा. शेवटी तो कंगवा स्वतःच्या मनगटावरून ओढून बघायचे, आणि मग माझ्या डोक्यावरून. तसा मऊ कंगवा मला पुन्हा मिळालेला नाही. आई आतून ओरडायची, "अहो, पुरे आता, मूठ झिजेल!" एका बादलीची खरंच झिजली. भरलेली असताना तुटली, जिन्यात.

डिस्क गोल्फच्या नियमांत नेमकं आईचंच वाक्य आहे. कारखान्यातून निघालेल्या डिस्कचं उडणं बदलेल असं तिला काही करायचं नाही. खेळताना झिजली तर चालतं, आणि साच्याचे दोष माफक घासलेले चालतात. माफक! इतर बाबतींत हीच मंडळी काटेकोर. वजन व्यासाच्या दर सेंटिमीटरला 8.3 ग्रॅमच्या वर नको, पुढच्या कडेच्या गोलाईची त्रिज्या 1.6 मिलिमीटरच्या खाली नको. घासण्याला मात्र माप नाही. माझ्यासारख्याच्या हातात कागद देऊन 'माफक' म्हणणं म्हणजे काय ते आईला विचारा. एक ड्रायव्हर, म्हणजे लांब फेकायची डिस्क, मी असा सुबक केला होता, की सरळ जायची ती डिस्क हातातून सुटताच उजवीकडे कलायची ती पुन्हा परतायचीच नाही. दिसायला देखणी होती.

हे नियम करणारं प्रोफेशनल डिस्क गोल्फ असोसिएशन 1976 मध्ये काढलं एड हेड्रिक यांनी. डिस्क जिच्यात पाडायची ती साखळ्यांची बास्केटही त्यांचीच, आणि 1975 मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कातलं पहिलं कायमचं मैदानही. 2002 मध्ये ते गेले. त्यांच्याच इच्छेप्रमाणे त्यांची रक्षा प्लॅस्टिकमध्ये मिसळून काही डिस्क ओतल्या गेल्या.

हे मला फार वर्षांपासून ठाऊक आहे, आणि सांगताना लोक हसतात तसा मीही हसत आलोय. आज हातात कागद असताना एकदम मनात आलं, साचा तोच असणार, दोन भागांचा. म्हणजे त्या डिस्कनाही कुठेतरी खुसपट आलंच असेल. कोणाच्या तरी अंगठ्याला ते लागलंही असेल. मग त्याने काय केलं असेल?

माझ्या डिस्कची कड अर्धी झाली आहे. अर्धी राहिली आहे. वर्तमानपत्रावर चिमूटभर भुकटी आहे, आणि मघापासून मी फुंकर मारलेली नाही.