तंबोरा थरथरला की

कॅसेट डेक धड चालतो आहे का, हे ओळखायला तबला कामाचा नाही आणि सिनेमातलं वाद्यवृंदाचं गाणं तर मुळीच नाही. लावून पाहावा तंबोरा. वेग जरासा डगमगला तरी षड्ज लटपटतो, आणि तो ऐकायला कान तयार असावे लागत नाहीत. इंदूरच्या मराठी घरातल्या कपाटात उस्ताद अमीर खाँसाहेबांची एखादी कॅसेट बहुधा निघेलच. १९७४ साली गेलेला हा गवई आपल्याच गावात वाढला. चौदा मात्रांचा झुमरा ताल ते इतका संथ गात, की दोन मात्रांच्या मध्ये डेकला आपली खोट लपवायला आडोसाच मिळत नाही.

टेप सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकायला हवी. तो वेग राखते टेप वाचणाऱ्या हेडशेजारची आगकाडीएवढी बारीक पोलादी कांडी, म्हणजे कॅप्स्टन, आणि तिला टेकणारा रबरी पिंच रोलर. टेपची तपकिरी पूड या रोलरवर साचते, मधोमध चकचकीत पट्टा उमटतो आणि पकड सुटते. दहा-वीस तास वाजवून झाले की सफाई करावी. वीज बंद करून झाकण उघडायचं आणि प्लेचा खटका दाबायचा. जुन्या खटक्यांच्या डेकमध्ये हेड आपोआप पुढे येतं. कानकाडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून जरा पिळायची, आधी हेड पुसायचं, मग कॅप्स्टन. रबराला मात्र अल्कोहोल जपूनच, नाहीतर ते सुकून कडक होतं. कानकाडी पांढरी निघेपर्यंत थांबायचं नाही.

डेक कॅसेट ‘खातो’, तेव्हा दोष सहसा कॅसेटचा नसतो. टेप गुंडाळून घेणारं चाक आयडलर नावाची रबरी चकती फिरवते. तिचं रबर गुळगुळीत झालं की चाक थांबतं, कॅप्स्टन मात्र टेप पुढे ढकलतच राहतो. मग ती रोलरभोवती गुरफटते. अशा वेळी कॅसेट हिसकायची नाही. रोलर बोटाने उलटा फिरवून टेप सोडवावी आणि षटकोनी पेन्सिल दात्यांत घालून ढील काढावी. ९० मिनिटांच्या कॅसेटपर्यंत हे जमतं. १२० मिनिटांची टेप इतकी पातळ, की सुरकुती पडली की पडलीच.

बेल्टचं, म्हणजे मोटरची फिरकी चाकांना पोचवणाऱ्या रबरी पट्ट्याचं, काय होतं ते वर्षानुवर्षं बंद ठेवलेला डेक उघडला की कळतं: रबराचं काळं डांबर. ते सगळं खरवडून मगच नवा बेल्ट चढवावा. सुट्या भागांसाठी इंदूरच्या महाराणी रोडवर जाताना जुन्याचे तुकडे पुडीत बांधून न्यावेत, नुसतं मॉडेल सांगून मापाचा मिळेलच असं नाही.

डॉल्बीचं, म्हणजे टेपची सरसर दाबणाऱ्या सोयीचं, बटण मात्र लोक उगाच दाबतात. डॉल्बी लावून भरलेली कॅसेटच डॉल्बी लावून ऐकायची. साध्या कॅसेटला ते लावलं की सरसर कमी होते खरी, पण तंबोऱ्याची जवारीही, म्हणजे तारांची ती झणझण, जाते. हा सौदा घाट्याचाच.

रेकॉर्डिंग करताना सुरुवातीची पाचेक सेकंदं कोरी पट्टी असते. पेन्सिलने तपकिरी टेप दिसेपर्यंत फिरवून घ्यावी, नाहीतर पहिला ‘सा’ गेलाच. भरून झाल्यावर पाठीवरची चिमुकली प्लास्टिकची जीभ मोडून टाकावी, म्हणजे चुकून वर काही भरलं जात नाही. पुन्हा भरायची झाली तर त्या भोकावर सेलोटेप चिकटवावी; क्रोम, म्हणजे वेगळ्या लेपाच्या, कॅसेटला शेजारी आणखी एक खाच असते, ती मात्र झाकायची नाही. झाकली तर डेक तिला साधी समजून भरतो.

मे महिन्यातली इंदूरची दुपार कॅसेटला सोसत नाही. उन्हातल्या गाडीत राहिलेल्या कॅसेटमध्ये शेजारचा थर दुसऱ्यावर हलका छापला जातो आणि गवई तोंड उघडण्याआधीच त्याचा सूर दबक्या आवाजात येतो. अशी कॅसेट ऐकण्याआधी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे पळवावी. तो आगाऊ सूर पुष्कळ कमी होतो.