उजनीचा गळ कोलंबियावर

येत्या सप्टेंबरात धाकट्या भावाकडे अमेरिकेत पोर्टलंडला जायचं ठरलंय, आणि तिथे कोलंबिया नदीवर सॅमनला गळ टाकायचाय. उजनीच्या काठावर चिलापी आणि राहू धरत वाढलेल्या माणसाला याची किती ओढ असते, ते गळ टाकणाऱ्यालाच कळेल. हल्ली रात्री जेवणं उरकली की मी लॅपटॉप उघडून बसतो.

‘हमखास जागा’ दाखवणारी ॲपं पुष्कळ आहेत. मला ती फारशी पटली नाहीत. गेल्या वर्षी कुणी कुठे मासा धरला ते कळून काय करायचं? समुद्रातून नदीत वर चढणारा हा मासा आत्ता कुठवर आलाय ते कळायला हवं. ते कळतं बॉनव्हिल धरणावरून. समुद्रापासून सुमारे २३५ किलोमीटर वर असलेल्या या धरणात माशांना चढून जायला पायऱ्यापायऱ्यांची वाट ठेवली आहे. वाटेत पाण्याखाली काचेची खिडकी, आणि तिथे बसून माणसं वर जाणारे मासे जातवार मोजतात. १९३८ पासून! रोजचे आकडे कुणालाही बघता येतात. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या ‘डार्ट’ साइटवर यंदाची रेघ आणि मागच्या १० वर्षांची सरासरी एकाच आलेखात दिसते. शरदातल्या चिनूक सॅमनची गर्दी साधारण सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात असते. २०१३ च्या सप्टेंबरात तर एका दिवसात ६३ हजारांवर मासे वर गेले. विमानाच्या तिकिटाची तारीख मी हा आलेख बघूनच ठरवली.

सोलापूरकराला हे जड नाही. दौंडचा विसर्ग वाढला की उजनीत पाणी कधी येणार, उजनीतून सोडलं की पंढरपुरात कधी चढणार, हा हिशेब आपण दर पावसाळ्यात करतो. तिथे फक्त दिशा उलटी, मासा वर चढतो. म्हणून धरणाच्या खाली गळ टाकणाऱ्याला बॉनव्हिलचा आकडा उशिरा मिळालेली बातमी असते. त्याने आधी अस्टोरिया गावाजवळ नदी समुद्राला मिळते त्या मुखाकडे बघावं. तिथे बोटींना काय लागतंय ते ओरेगन आणि वॉशिंग्टनची मत्स्यखाती कळवतात, भरती-ओहोटीचं वेळापत्रक ‘नोआ’ या तिथल्या सागर-हवामान संस्थेकडे मिळतं. नदीचा प्रवाह ‘यूएसजीएस’ ही तिथली भूसर्वेक्षण संस्था घनफूट प्रति सेकंदात देते, म्हणजे आपले क्युसेकच. पाण्याचं तापमानही बघतो, कारण २० अंशांच्या वर सॅमनची दमछाक होते.

सगळ्यात जास्त वेळ मी नियमांना दिला. परवाना ऑनलाइन निघतो. पण हंगाम चालू असतानाच नियम बदलतात, त्यामुळे आदल्या रात्री खात्याची साइट उघडणं आलंच. बऱ्याचदा फक्त पैदास केंद्रातला मासा ठेवता येतो. शेपटीच्या अलीकडचा पाठीवरचा छोटा पर कापलेला, ही त्याची खूण. नैसर्गिक मासा तसाच पाण्यात सोडायचा. उजनीत बोटभर पिल्लंसुद्धा ओढून नेणारी जाळी बघितलेल्या मला हे फार मोलाचं वाटतं. आपल्याकडेही मासळी अशी मोजली जावी, आकडे लोकांपुढे यावेत.

भाऊ म्हणतो, “दादा, गाईड घेऊ की, कशाला एवढं वाचत बसतोस?” गाईड घेणारच आहे, मुखाशी लाटा जीवघेण्या असतात. पण त्याला विचारायचे प्रश्न मी वहीत लिहायला घेतलेत, आणि पहिला आहे: आदल्या आठवड्यात बॉनव्हिलचा आकडा घसरला, तर बोट कुठे न्यायची?