डब्यातला बिल्ला

आज शेजारच्या आजींना गॅरेज आवरायला मदत करत होते. इथे साउथ कॅरोलिनात कृष्णवर्णीय समाजातल्या आजी, वय ऐंशीच्या पुढे. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ओबामांचा निळा बिल्ला निघाला, पिन पार गंजलेली. आजी तिथेच खुर्ची ओढून बसल्या. 2008 च्या प्रायमरीत, म्हणजे डेमोक्रॅटिक पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, त्या ओबामांच्या बाजूच्या, धाकटी बहीण हिलरी क्लिंटन यांची. दोघींनी महिनाभर अबोला धरला होता म्हणे!

मग विषय निघाला जिम क्लायबर्न यांचा. इथलेच खासदार, तेव्हा अमेरिकी संसदेतले सर्वांत वरच्या पदावरचे कृष्णवर्णीय नेते. नागरी हक्कांचं श्रेय मार्टिन ल्यूथर किंग यांचं की राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांचं, यावरून हिलरींच्या बोलण्याने वाद पेटला, त्यांचे पती बिल क्लिंटन यांची जीभ सैल सुटली, तेव्हा क्लायबर्न यांनी त्यांना उघडपणे आवरतं घ्यायला सांगितलं. तरी 3 जूनपर्यंत पाठिंबा मात्र कुणालाच जाहीर केला नाही. "सगळे त्याच्यावर चिडलो होतो," आजी म्हणाल्या, "पण भांडण मिटल्यावर दोन्हीकडचे त्याच्याच दारात जाऊ शकले."

मला मात्र नागरी हक्क चळवळीतले नेते आणि खासदार जॉन लुईस जास्त जवळचे वाटतात. 1965 ला मतदानाच्या हक्कासाठीच्या मोर्चात, सेल्माच्या पुलावर पोलिसांच्या मारानं डोकं फुटलेला हा माणूस आधी हिलरींना शब्द देऊन बसला होता. फेब्रुवारीत मतदारांचा कौल ऐकून त्यांनी बाजू बदलली, तीही हिलरींबद्दल वाकडा शब्द न काढता. आपलं चुकलं हे समाजासमोर मान्य करायला किती बळ लागत असेल.

आजींनी बिल्ला पदराला पुसावा तसा ॲप्रनला पुसला, परत डब्यात ठेवला आणि बहिणीला फोन लावला.