तेहतीस इंची टायर आणि दोन इंचांचा ठोकळा

गाडी अणुस्कुरा घाट चढून राजापूरकडून कोल्हापूरला आमच्या गॅरेजमध्ये आली होती. डबल केबिनची फोर बाय फोर पिकअप, मूळ टायर २५५/६५ आर १७. मालकांची हापूसची बाग कातळावर, रस्ता जांभ्याचा. चार महिन्यांपूर्वी दुसरीकडे गाडी 'उंच' करून घेतलेली. आता त्यांना तेहतीस इंची टायर हवे होते आणि जाता जाता पुढून येणारा 'टक्' आवाजही काढून हवा होता. आम्ही आधी आवाजाला हात घातला.

सपाट फरशीवर चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजलं. डावीकडे ५६६ मिलिमीटर, उजवीकडे ५५९. कंपनीची उंची साधारण ४९५. म्हणजे गाडी पुढून सत्तरेक मिलिमीटर उचललेली, यालाच लिफ्ट म्हणतात. त्यासाठी शॉकअपच्या डोक्यावर बसवलेला स्पेसर (जाड चकती) मात्र ३८ मिलिमीटरचाच निघाला. यात लबाडी नाही. पुढचा शॉकअप खालच्या आर्मच्या (चाक धरणाऱ्या दांड्याच्या) मध्याच्या आसपास बसतो, चाक आर्मच्या टोकाला. त्यामुळे वरती एक मिलिमीटर वाढवला की चाकापाशी पावणेदोन ते दोन मिळतात. स्पेसर विकत घेताना जाडी आणि लिफ्ट एकच समजणारे बरेच जण इथे फसतात.

चेसिसखाली घोड्या लावल्या, पुढची चाकं लोंबकळत सोडली. वरचा आर्म थेट स्प्रिंगला टेकला. स्प्रिंगच्या वेटोळ्यावर रंग उडून लोखंड चकाकत होतं. स्पीडब्रेकर उतरताना चाक खाली सुटलं की येणारा 'टक्' तो हाच. वरचा बॉल जॉइंट शेवटच्या टोकाला, ब्रेकचा होस तारेसारखा ताणलेला. उजव्या ॲक्सलच्या बुटाच्या (जॉइंटवरच्या रबरी आवरणाच्या) घड्या एकमेकींवर घासून फाटल्या होत्या आणि ग्रीस रिमच्या आतल्या बाजूला उडालं होतं. जॉइंट हाताने फिरवून पाहिला, अजून खडखड नव्हती. बूट आणि ग्रीस बदलून भागलं. अजून महिनाभर जांभ्याची लाल धूळ आत गेली असती तर पूर्ण ॲक्सल गेला असता.

मागे ॲक्सल आणि पाट्यांच्या (पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या) मध्ये ५० मिलिमीटरचा ठोकळा. शॉकअप मात्र जुनाच, मूळ लांबीचा. म्हणजे मागची चाकं खाली जायला लागली की पाटे मोकळे व्हायच्या आधी शॉकअपच ताणला जाऊन धक्का खायचा. तळाशी तेल पाझरायला लागलं होतं. ठोकळ्याचा दुसरा त्रास घाटात कळतो. चढावर पहिल्या गिअरमध्ये जोर दिला की ॲक्सल फिरायला बघतो. ठोकळ्याने त्याला लांब दांडा मिळतो, पाटे इंग्रजी एससारखे वाकतात आणि सुटतात. मालक ज्याला 'क्लच झटका मारतो' म्हणत होते ते हेच होतं. क्लच ठीक होता.

मग टायरचा विषय. 'काका, उंची कशासाठी हवी?' असं मालकांना विचारलं. 'खाली दगड लागतो हो, मागचा गोळा घासतो.' आता गंमत अशी की लिफ्टने मागच्या डिफरन्शियलचा गोळा (ॲक्सलच्या मधलं गिअरांचं घर) केसभरही वर जात नाही. ॲक्सल चाकावर उभा असतो, लिफ्ट ॲक्सलच्या वर होते. चेसिस, डिझेलची टाकी, पुढची संरक्षक पत्री वर जाते; गोळा तिथेच. गोळा वर न्यायचा तर टायर मोठा हवा, आणि तिथेही व्यासात जेवढी वाढ त्याच्या निम्मीच उंची मिळते.

कागदावर हिशेब मांडला. २५५/६५ आर १७ चा व्यास ७६३ मिलिमीटर. ज्याला बाजारात तेहतीस म्हणतात त्या २८५/७० आर १७ चा ८३१. वाढ ६८, गोळा वर फक्त ३४. त्या बदल्यात मीटरवर ८० दिसेल तेव्हा गाडी ८७ ने धावत असेल. गिअरिंग जवळपास नऊ टक्क्यांनी लांब होईल, म्हणजे घाटात आणि कातळावर हळू चढताना क्लच जास्त घासणार. पूर्ण वळवल्यावर टायर मडगार्डच्या मागच्या कोपऱ्याला आणि चेसिसला लागणार. स्टेपनी मूळ जागी बसणं कठीण. शिवाय या गाडीच्या रिमवर ७ जे, म्हणजे सात इंच रुंदी, कोरलेलं होतं. २८५/७० ला किमान साडेसात इंची रिम लागते. म्हणजे रिमही नवीन.

वर कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ निर्मात्याच्या मूळ नोंदींशी विसंगत बदल करू देत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या १८२ अ मध्ये मालकाला बेकायदा बदलामागे पाच हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. अपघातानंतर विमावाले गाडीखाली वाकून बघतात, हेही सांगितलं. चेहरा पडला.

मग गाडीत रोज काय असतं ते काट्यावर ठेवलं. फवारणी पंप, शंभर मीटर पाइप, रिकामं पिंप, हत्यारं, मिळून १२० किलो. २०० लिटरचं पिंप घरूनच भरून नेत होते, म्हणजे आणखी २०० किलो आणि घाटवळणावर पाण्याचा हेलकावा. पिंप बागेत भरा म्हटलं. पाटे रोजच्या वजनाप्रमाणे निवडायचे असतात. ३०० किलो कायमच्या भाराचे पाटे रिकाम्या गाडीला लावले तर मागचा भाग खडीवर उड्या मारतो आणि ब्रेकला पकड मिळत नाही.

ठरलं ते असं. टायर मूळ मापाचेच, पण ऑल टेरेन (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीचे) आणि हलक्या मालवाहू बांधणीचे. मड टेरेन (चिखलासाठीचे) नको: ओल्या डांबरावर त्यांच्या नक्षीचे मोठे ठोकळे कमी चिकटतात आणि पावसाळ्यात घाट टळत नाही. कातळावर टायर तळाने कमी, बाजूने जास्त फाटतो, म्हणून पैसे जाड भिंतीत घालायचे. पुढे ४० मिलिमीटर उचलणारी स्प्रिंग आणि तिच्याच जोडीचे शॉकअप, मागे १०० ते १५० किलो कायम भाराचे पाटे आणि लांब शॉकअप. स्पेसर आणि ठोकळा दोन्ही बाद. सस्पेन्शनच्या बदलाची माहिती विमा कंपनीला लेखी द्यायला लावली.

बसवताना दोन गोष्टींत घाई चालत नाही. एक, यू-बोल्ट नवे. एकदा ताणलेला बोल्ट परत तेवढीच पकड देत नाही. पाट्याचा मधला बोल्ट ॲक्सलच्या भोकात नीट बसल्याची खात्री करून चारही नट तिरक्या क्रमाने थोडे थोडे आवळायचे. दुसरी, आर्म आणि पाट्यांच्या बुशांचे (सांध्यातल्या रबरी नळ्यांचे) बोल्ट गाडी हवेत असताना शेवटचे आवळायचे नाहीत. रबर त्या स्थितीत चिकटून बसतं, गाडी खाली आली की पीळ बसतो आणि काही महिन्यांत बुश फाटतो. गाडी चाकांवर उतरवायची, चार वेळा दाबून बसवायची, मग टॉर्क पाना. जुन्या कामात हेच चुकलं होतं. एक बुश आतून सुटला होता.

पुढची उंची ५३५ आणि ५३३ आली. लोंबकळत्या चाकावर वरचा आर्म आणि स्प्रिंग यांच्यात बोट जाईल एवढी जागा राहिली. अलाइनमेंटला आल्या आल्या कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकाव) १.४ आणि १.१ अंश होता. लिफ्टने तो घटतो आणि गाडी सरळ रस्त्यावर भटकते. खालच्या आर्मचे कॅम बोल्ट फिरवून २.८ आणि ३.० वर आणला. हेडलाइट खाली वळवले, नाहीतर समोरचा ड्रायव्हर शिव्या देतो आणि बरोबर देतो.

हवेसाठी टायरवर आडवी खडूची रेघ मारून गाडी सरळ फिरवली. मध्यभागीच पुसली तर हवा जास्त, कडांना पुसली तर कमी. या बांधणीच्या टायरला तेवढ्याच वजनासाठी दारावरच्या आकड्यापेक्षा थोडी जास्त हवा लागते. ३६ पीएसआय पुढे, ३८ मागे यावर रेघ सारखी पुसली गेली.

पाचशे किलोमीटरने गाडी परत आली. यू-बोल्टचे चार नट पाव फेरा फिरले, म्हणून हजारला पुन्हा बोलावलंय. गोळ्यावर एक नवा ओरखडा आहे. काका म्हणाले, बागेच्या फाटकातला तो एक दगडच पहारीने काढून टाकला.