उबुंटू २४.०४ वर आल्यानंतर फेल होणारा बिल्ड

उबुंटू ही लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम २२.०४ वरून २४.०४ वर अपग्रेड केल्यानंतर आमच्या सी++ प्रकल्पाचा बिल्ड (कोडपासून चालणारा प्रोग्राम तयार करण्याची प्रक्रिया) फेल होऊ लागला, तेव्हा कोडमधली एक ओळही बदललेली नव्हती. बदलला होता तो कोडखालचा पाया: जीसीसी या कंपायलरची ११ ही आवृत्ती जाऊन १३ आली होती आणि पायथन ३.१० ची जागा ३.१२ ने घेतली होती. अशा वेळी शेवटच्या एररवर गूगल करत बसण्यापेक्षा पहिली एरर गाठावी, असे माझे ठाम मत आहे. बिल्डच्या पायऱ्या चालवणारे ‘मेक’ हे साधन अनेक जॉब समांतर चालवत असल्यास संदेश एकमेकांत मिसळतात. म्हणून बिल्ड एकाच जॉबवर पुन्हा चालवून आउटपुट फाइलमध्ये घ्यावे आणि वरून वाचावे.

आमच्याकडे पहिली तक्रार ‘यूइंट३२_टी’ हा टाइप ओळखीचा नसल्याची होती. हा टाइप ‘सीएसटीडीइंट’ या हेडरमध्ये, म्हणजे इतर फाइलींत इन्क्लूड करायच्या घोषणांच्या फाइलीत, असतो. पूर्वी इतर काही स्टँडर्ड हेडर त्याला आपल्यासोबत आत आणत, त्यामुळे तो स्वतंत्रपणे इन्क्लूड न करणाऱ्या फाइलीही बिनबोभाट कंपाइल होत. जीसीसी १३ मध्ये हेडरांची ही अनावश्यक परस्परावलंबने कमी केली गेली आणि कोडमध्ये आधीपासून असलेली उणीव उघडी पडली. विशेष म्हणजे एररच्या खालच्याच ‘नोट’मध्ये कोणते हेडर हवे तेही कंपायलर सांगतो, पण घाईत ती ओळ कोणी वाचत नाही. जुना कंपायलर शेजारी बसवून वेळ मारून नेता येते, आणि दुसऱ्याच्या कोडसाठी ते समजण्यासारखे आहे. स्वतःच्या कोडमध्ये मात्र हेडर इन्क्लूड करणारी एक ओळ घालणे हाच खरा उपाय होय.

काही एरर मात्र निव्वळ शिळ्या फाइलींमुळे येतात. बिल्ड कॉन्फिगर करणारे ‘सीमेक’ हे साधन पहिल्या वेळी सापडलेल्या कंपायलरचे आणि लायब्ररींचे पूर्ण पाथ आपल्या कॅशमध्ये जपून ठेवते आणि अपग्रेडनंतरही तेच वापरू पाहते. बिल्डची डिरेक्टरी पूर्ण काढून टाकून नव्याने कॉन्फिगर करणे हे येथे सर्वांत स्वस्त औषध आहे.

पायथनची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. जुन्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमधील (प्रकल्पाची पॅकेजेस वेगळी ठेवणाऱ्या फोल्डरमधील) पायथन ही बहुधा सिस्टिमच्या पायथनकडे बोट दाखवणारी सिमलिंक असते. ती आता ३.१२ कडे जाते, तर पॅकेजेस ३.१० च्या फोल्डरमध्येच राहतात आणि इम्पोर्ट अडते. एन्व्हायर्नमेंट दुरुस्त करण्यात वेळ न दवडता ते नव्याने बनवावे. त्यानंतरही पॅकेजेस बांधण्यासाठीचे ‘डिस्टयूटिल्स’ सापडत नसल्याची एरर आली, तर कारण स्पष्ट आहे: ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या ३.१२ मधून ते मॉड्यूल काढून टाकले गेले. नोड.जेएसची नेटिव्ह मॉड्यूल्स बांधणाऱ्या नोड-जिपच्या जुन्या आवृत्त्या येथेच अडखळतात. ‘सेटअपटूल्स’ बसवल्यास त्याचा पर्याय मिळतो, मात्र ३.१२ पासून नव्या एन्व्हायर्नमेंटमध्ये तेही आपोआप येत नाही, ते वेगळे इन्स्टॉल करावे लागते.

कंपाइल झालेले भाग जोडणारा लिंकर एखादी लायब्ररी सापडत नाही म्हणू लागला, तर आधी सॉफ्टवेअर सोर्सेस (पॅकेजेस कुठून घ्यायची याची यादी) तपासावेत. अपग्रेडच्या वेळी बाहेरच्या रिपॉझिटरी बंद केल्या जातात, आणि त्यांतून पूर्वी घेतलेली ‘डेव्ह’ पॅकेजेस (लायब्ररी वापरून बिल्ड करण्यासाठी लागणाऱ्या फाइलींची) नव्या आवृत्तीसाठी उपलब्ध आहेत का, हे पाहूनच त्या पुन्हा सुरू कराव्यात.