दुर्बिणीच्या फोकसरसाठी ॲल्युमिनियमची नळी

घरी बनवलेल्या न्यूटोनियन (आरशाच्या) दुर्बिणीला फोकसर, म्हणजे आयपीस धरून पुढे-मागे सरकवणारा भाग, हवा होता. तयार मिळतो, पण मला तो करूनच घ्यायचा होता. आयपीस (डोळा लावायचं भिंग) सव्वा इंची, म्हणजे 31.75 मिमी, तो न अडकता आणि न डुगडुगता बसेल अशी नळी, एवढंच काम.

बडोद्यात धातू किलोवर विकतात आणि नळी अख्खी घ्या म्हणतात. मला लागणार वीतभर. एका दुकानदाराने माझ्या कागदावरची आकृती पाहून विचारलं, "ई-सिगारेट तो नथी ने?" ती बनवणं-विकणं 2019 च्या कायद्याने बंद आहे, त्यामुळे प्रश्न अगदीच अस्थानी नव्हता. दुर्बीण म्हटल्यावर मात्र त्याने मागच्या खोलीतून कापून उरलेले तुकडे काढून दिले. बाहेरून 38 मिमी, आतून 30 असा तुकडा घेतला. आतून 32 ची नळी सहज मिळते, पण तिच्यात आयपीस पाव मिलिमीटर हलतो. 30 ची घेतली की बोर करून, म्हणजे लेथवर आतून कातून, हवं ते माप काढता येतं.

मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) लेथवाल्या काकांनी नळी हातात फिरवली आणि "थई जशे", होऊन जाईल, म्हणाले. पहिला बोर झाला. व्हर्नियर (मापाचं कॅलिपर) कुठूनही लावा, माप 31.85, आणि आयपीस मात्र जाईना. काका हसले. चकचे, म्हणजे लेथवर काम पकडणाऱ्या भागाचे, तीन जॉ (जबडे) पातळ नळीला तीन ठिकाणी दाबतात. त्या दाबात बोर गोल होतो आणि चक सैल केला की नळी तीन बाजूंनी फुगते. व्हर्नियर समोरासमोरची दोनच टोकं मोजतो, त्यामुळे असा तीन बाजूंचा फुगवटा त्याला सापडतच नाही.

मग त्यांनी एका जाड तुकड्यातून नळीच्या बाहेरच्या मापाचा बुश (नळीभोवती बसणारी कडी) केला, तो एका बाजूने हॅकसॉने चिरला आणि नळी त्यात घालून चकमध्ये धरली. दाब सगळीकडे सारखा. नळीच्या दुसऱ्या तुकड्यावर आधी ढोबळ बोर, मग चक सैल करून पुन्हा हलकेच आवळला आणि शेवटचा बारीक कट. ॲल्युमिनियम टूलला चिकटतं, म्हणून रॉकेलचे थेंब सोडत राहिले. तपासायलाही व्हर्नियर नाही. एका रॉडमधून लेथवर कातलेला प्लग, म्हणजे मापाचा गोल दांडा. तो हाताच्या बोटाने ढकलला तर आत जायला हवा, स्वतःच्या वजनाने पडता कामा नये. मला हे माप कागदावरच्या कुठल्याही टॉलरन्सपेक्षा (मापात चालणाऱ्या फरकापेक्षा) पटलं.

आयपीस बसतो तेवढा भाग गुळगुळीत ठेवला. त्याखाली आतून बारीक आटे पाडून घेतले, कारण काळी केलेली चकचकीत नळीही तिरका प्रकाश परावर्तित करते आणि चंद्राभोवती धुरकट कडं येतं. आयपीस धरून ठेवणाऱ्या एम4 (4 मिमी) स्क्रूचं भोक, त्याचा आटा आणि बुर (कडेला उरलेली धातूची धार) काढणं हे ॲनोडायझिंगला, म्हणजे काळा थर चढवायला, पाठवायच्या आधीच उरकलं. नंतर भोक पाडलं तर तिथे पांढरा धातू उघडा पडतो. ॲनोडायझिंगवाला एका तुकड्यासाठी हात लावायला तयार नव्हता, काकांच्या ओळखीने दुसऱ्याच्या लॉटसोबत टांगून दिला.

स्क्रू नायलॉनचा लावलाय, आयपीसला ओरखडे पडू नयेत म्हणून. प्लग मात्र मी मागून घेतला, आमच्या गटातल्या आणखी एकाला तीच नळी करायची आहे.