मेश लावलं, तरी फोन खालच्याच डब्याला चिकटलेला

साखर पेठेतलं आमचं घर म्हणजे खाली जुन्या दगडी भिंती आणि वर नंतर चढवलेला स्लॅबचा मजला. एका राउटरवर भागेना म्हणून मेशचे, म्हणजे घरभर मिळून एकच वायफाय पसरवणारे, तीन डबे घेतले. रेंज सगळीकडे फुल्ल. तरी व्हॉट्सॲप कॉलवर बोलत जिना चढलं की आवाज तुटायचा, आणि वर गेल्यावरही फोन खालच्याच डब्याला धरून बसायचा. "अहो, काड्या सगळ्या दिसतात, मग अडतंय कुठं?" बायकोचं रोजचं.

कॉल तुटायचं कारण आधी सापडलं. फोनमधला आयपी ॲड्रेस (नेटवर्कनं फोनला दिलेला नंबर) बघत जिना चढलो. खाली 192.168.1 नं सुरू होणारा, वर 192.168.68 नं. इंटरनेट घरात आणणाऱ्या फायबरच्या डब्याचं स्वतःचं वायफाय चालूच होतं, आणि जोडणीवाल्यानं नाव-पासवर्ड मेशचाच दिलेला! फोनला दोन्ही एकच वाटायचं, पण नेटवर्क वेगळी. आयपी बदलला की चालू कॉल गेलाच. फायबरच्या डब्याचं वायफाय बंद केलं आणि मेश ॲक्सेस पॉइंट मोडवर टाकलं, म्हणजे ते स्वतःचं वेगळं नेटवर्क न काढता फायबरच्या डब्याचंच पुढं पसरवतं.

चिकटण्याचं दुखणं वेगळं. कुठल्या डब्याला जोडायचं हे मेश नाही, फोन ठरवतो. त्याला मदत करायला वायफायचे 802.11के, व्ही आणि आर असे तीन नियम आहेत: के शेजारच्या डब्यांची यादी देतं, व्ही "तिकडं जा" असं सुचवतं, आर डबा बदलताना लागणारी ओळखपरेड आटोपती घेतं. ऐकायचं की नाही, ते फोनच्या मर्जीवर. आयफोन तर सिग्नल उणे 70 डीबीएमच्या खाली गेल्याशिवाय दुसरीकडं बघतच नाही. (डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचं माप; उणे आकडा जितका मोठा, तितका सिग्नल कमजोर.) आणि बघितलं, तरी डेटा चालू असताना नवा डबा किमान 8 डीबीनं सरस लागतो.

वरच्या खोलीत कुठल्या डब्याचा सिग्नल किती ते दाखवणारं ॲनालायझर ॲप लावलं. (रात्रीच, एप्रिलमध्ये दुपारी त्या स्लॅबखाली कोण उभं राहणार?) फोन ज्याला चिकटायचा तो खालचा, जिन्याच्या वळणावरचा डबा वर उणे 66 दाखवत होता. म्हणजे फोनला हलायची गरजच नाही! तो डबा तिथून उचलून मागच्या खोलीत नेला, मध्ये दगडी भिंत आली, आणि ट्रान्समिट पॉवर, म्हणजे सिग्नल सोडायची ताकद, हायवरून मीडियमवर आणली. आता वर तो उणे 77 च्या आसपास येतो आणि आयफोन निमूट वरचा डबा धरतो.

फास्ट रोमिंग (म्हणजे वरचं ते आर) चालू केल्यावर मात्र प्रिंटर आणि गीझरचा स्मार्ट प्लग रुसले. जुन्या वस्तूंना आर झेपत नाही. त्यांना 2.4 गिगाहर्ट्झचं वेगळं नाव दिलं आणि तिथं आर बंद ठेवलं.

राहिला लॅपटॉप. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय कार्डाच्या ॲडव्हान्स्ड टॅबखाली रोमिंग ॲग्रेसिव्हनेस असतं, म्हणजे डबा बदलायची घाई किती करायची ते. ते मीडियमवरून एक पायरी वर नेलं. सगळ्यात वरच्या पायरीवर ठेवलं तर तो एका जागी बसूनही डबे बदलत राहतो.